स्कॅनच्या खालच्या कडेला: सायनसच्या जाड झालेल्या अस्तराचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच एका रिपोर्टपासून सुरू होतं. जानेवारी २०२४ मध्ये मी लिहिलं होतं : "डाव्या मॅक्सिलरी सायनसचं (गालाच्या हाडातल्या पोकळीचं) अस्तर सुजलेलं, जाडी सुमारे ६ मिमी. तळाशी थोडा द्रव. डाव्या बाजूचा निचऱ्याचा मार्ग बंद. नाकाचा पडदा डावीकडे झुकलेला. उजवी बाजू स्वच्छ. निष्कर्ष : डाव्या बाजूचा सायनुसायटिस." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरीही पुढचे आठ महिने ज्या रोगावर उपचार झाले तो मूळ रोग नव्हता, आणि पडद्याच्या ऑपरेशनची तारीखही जवळजवळ ठरली होती. रिपोर्टमध्ये जे यायला हवं होतं आणि आलं नव्हतं, त्याबद्दल हे लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे. रुग्णाच्या परवानगीनेच हे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. समोर मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन.

पिठाचा वास

ताईंचं वय ४६. घरची पिठाची गिरणी आहे आणि ती त्या स्वतः चालवतात. एप्रिल २०२१ मध्ये घरातल्या सगळ्यांबरोबर त्यांनाही कोरोना होऊन गेला, पण दाखल व्हावं लागलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वरची डावी पहिली दाढ ठणकायला लागली म्हणून रूट कॅनाल करून घेतलं, वर कॅप बसवली, दाढ शांत झाली. दाढेची ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली. सायनसच्या रुग्णाला दाढेबद्दल कुणी विचारत नाही, आणि दुखायची थांबलेली दाढ रुग्णाच्याही लक्षात राहत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात डाव्या नाकपुडीतून घट्ट पिवळा शेंबूड यायला लागला. सकाळी उठल्यावर घसा खाकरून काढावा लागायचा. डाव्या डोळ्याखाली जडपणा असायचा, धान्याचा डबा उचलायला वाकलं की तो वाढायचा. या तक्रारी कुठल्याही दवाखान्यात रोज ऐकू येतात. वेगळी होती ती वासाची तक्रार. ताईंना पिठाला कुबट, नासल्यासारखा वास यायला लागला. गिरणी चालवणाऱ्या माणसाचं नाक हे त्याचं हत्यार असतं. दगड तापून पीठ करपायला लागलं तर हाताच्या आधी नाकाला कळतं. ताईंना वाटलं दगडांचंच काहीतरी बिघडलंय. त्यांनी दगड काढून त्यांना टाकी लावून घेतली, गिरणी आतून पुसून काढली, दोन-तीन गिऱ्हाइकांना पीठ हुंगायला लावलं. कुणालाच काही येईना. घरच्यांनी ठरवलं की कोरोनानंतर वास बिघडतो, तसंच हे असणार.

पुढे जे झालं ते बहुतेकांच्या बाबतीत होतं. घराजवळच्या डॉक्टरांनी पिठाच्या धुळीची ॲलर्जी धरून गोळ्या दिल्या. तोंडाला फडकं बांधून काम करून पाहिलं. ओवा घालून वाफ घेतली. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. प्रत्येक वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड कमी व्हायचा, वासही जायचा आणि गोळ्या संपल्यावर दोन आठवड्यांत सगळं परत. साधा एक्स-रे काढला, त्यात डाव्या गालाची पोकळी धुरकट दिसली. तेवढ्यावर शेजारच्या कुणीतरी "काळी बुरशी तर नाही?" असं विचारलं आणि घरात झोप उडाली. २०२१ च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसने या भागातल्या कित्येक घरांनी माणसं गमावली, कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच. रक्तातली साखर तपासली, ती व्यवस्थित होती. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे, आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन माझ्याकडे.

अस्तर म्हणजे काय, आणि ते जाड दिसतं म्हणजे काय

"मला सायनस झालाय" असं आपण सहज म्हणतो. सायनस प्रत्येकालाच असतात : कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये, कवटीच्या तळाशी आणि दोन्ही गालांच्या हाडांत. त्या हवेने भरलेल्या पोकळ्या. गालातली सगळ्यांत मोठी. इंग्लंडमधल्या नॅथॅनिएल हायमोर या डॉक्टरने १६५१ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. त्याने ज्या स्त्री रुग्णाची हकिकत लिहून ठेवली तिचा वरचा दात काढल्यावर त्या जागेतून सतत स्राव येत राहिला होता. म्हणजे गालाच्या सायनसच्या जुन्यातल्या जुन्या नोंदींपैकी एक नोंद दाताच्याच दुखण्याची आहे. हे मला शिकताना माहीत झालं होतं. कामाच्या वेळी आठवलं नाही.

या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. निरोगी अवस्थेत त्याची जाडी साधारण एक मिलिमीटर, त्याहूनही कमी. सीटी स्कॅनवर ते जवळजवळ दिसतच नाही. हाडाची पांढरी रेघ आणि लगेच हवेचा काळा रंग. रेघ आणि काळेपणा यांच्यामध्ये राखाडी पट्टा उठून दिसायला लागला की आम्ही "अस्तर जाड झालंय" असं लिहितो. किती मिलिमीटरपासून जाड म्हणायचं यावर एकमत नाही. बहुतेक जण दोन किंवा तीनच्या पुढे नोंद करतात.

या अस्तरावर सूक्ष्म केसांचं शेत असतं. ते केस एका लयीत हलत राहतात आणि वरचा चिकट थर एका ठरलेल्या दिशेला ढकलतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर या डॉक्टरांनी हा प्रवाह अनेक वर्षं निरखला आणि त्यावरच पुढे दुर्बिणीतून करायची सायनसची शस्त्रक्रिया उभी राहिली. गालाच्या पोकळीची अडचण अशी, की तिचं नाकात उघडणारं तोंड तळाशी नसून वर, छताजवळ आहे. तोटी तळाला नसलेली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. सगळा स्राव चढणीने वर न्यावा लागतो. तोंडापाशी सूज आली की निचरा थांबतो, साचलेल्या स्रावाने अस्तर आणखी सुजतं. सायनुसायटिसची नेहमीची कथा ही : वाट वर तुंबली, म्हणून खाली बिघडलं. आमचं शिक्षण या दिशेने विचार करण्याचं, आणि सीटीवर "निचऱ्याचा मार्ग बंद" असं दिसलं की आपण कारणापर्यंत पोचलो असं वाटतं.

ताईंच्या बाबतीत उलटं घडलं होतं. खाली बिघडलं, ते वर चढत गेलं, आणि शेवटी वाट तुंबली. दोन्ही प्रकारांत शेवटचं चित्र सारखंच दिसतं.

नुसत्या जाडीवर फार विसंबू नये हेही सांगायला हवं. १९९४ मध्ये अमेरिकेत ग्वॉल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी सर्दी झालेल्या ३१ तरुणांचे सीटी काढले. त्यांतल्या ८७ टक्क्यांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. त्यांच्यापैकी काहींचे दोनेक आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाले, तेव्हा बहुतेकांचे सायनस अँटिबायोटिक न घेताही साफ झाले होते किंवा बरेच सुधारले होते. सर्दीत सायनसचा स्कॅन काढला तर तो बिघडलेलाच दिसणार, म्हणून गुंतागुंतीची शंका नसेल तर साध्या सर्दीत आणि ताज्या सायनुसायटिसमध्ये स्कॅन करू नये असं आज मार्गदर्शक सूचना सांगतात. डोक्याच्या दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन केलेल्या, नाकाची कसलीही तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांत अस्तर थोडं जाड सापडतं. अशा माणसाला "तुम्हाला सायनस आहे" असं सांगितलं की तो पुढची दहा वर्षं प्रत्येक डोकेदुखी त्याच्या खात्यावर मांडतो. त्यातल्या बऱ्याच डोकेदुखी अर्धशिशीच्या असतात.

माझी नजर कुठे गेली होती

ताईंचा जानेवारीतला स्कॅन मी कसा वाचला ते मला नीट आठवतं. २०२१ नंतर माझ्या नजरेला एक सवय लागली आहे. सायनसचा स्कॅन उघडला की मी आधी गालाच्या सायनसच्या मागची चरबी बघते. म्युकरमध्ये हाड शाबूत असतानाच ती चरबी गढूळ दिसायला लागते. मग डोळ्याची खोबण, मग नाकातली हाडं, मग मेंदूकडची बाजू. त्या दोन महिन्यांत आम्ही रात्री-अपरात्री असे स्कॅन केले आहेत आणि एक ओळ चुकली तर काय होतं ते पाहिलं आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलंच होतं, "बुरशी नाही ना, बघावे." मागची चरबी स्वच्छ होती. हाड कुठे खाल्लेलं नव्हतं. साचलेला द्रव पाण्यापेक्षा थोडा दाट, वीसेक हाउन्सफील्ड युनिटचा (सीटीवर दाटपणा मोजायचं हे माप, पाणी म्हणजे शून्य). बुरशीचा गोळा असेल तर आत जसे पांढुरके दाट ठिपके दिसतात तसे कुठे नव्हते. ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी स्वतः जाऊन सांगितलं, "ताई, बुरशी नाही." त्यांच्या सासूबाईंनी माझा हात धरला. मला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यातच माझं वाचन संपलं.

जिची भीती होती ती गोष्ट नाही हे ठरलं, आणि जे दिसलं त्याला एक नाव मिळालं. मग डोळे शोधायचे थांबतात. आमच्या क्षेत्रात हा ओळखीचा दोष आहे, शिकवलाही जातो. तरी तो होतो.

दुसरी गोष्ट यंत्रावरची. सायनसचा सीटी करताना खालची कडा कुठे ठेवायची हे तंत्रज्ञ ठरवतो. दातांत धातूची कॅप किंवा चांदीचं सिमेंट असलं की चित्रावर पांढऱ्या-काळ्या रेघांची फवारणी होते, म्हणून बऱ्याच ठिकाणी टाळूच्या जरा वरूनच सुरुवात करतात. किरणोत्सर्गही थोडा वाचतो. ताईंच्या स्कॅनमध्ये तसंच केलेलं होतं. कॅप स्कॅनच्या बाहेर राहिली, चित्र छान स्वच्छ आलं. कॅप दिसली असती तर कदाचित मीच विचारलं असतं की या दाढेचं काय झालं होतं.

तिसरी गोष्ट गुणांकनाची. लुंड आणि मॅके यांनी १९९३ मध्ये सुचवलेली एक साधी पद्धत जगभर वापरली जाते : प्रत्येक सायनसला शून्य ते दोन गुण, निचऱ्याच्या मार्गाला शून्य किंवा दोन, दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त २४. ताईंचे झाले चार. गालाचा एक, दोन डोळ्यांच्या मधल्या (एथमॉइड) सायनसच्या पुढच्या भागाचा एक, बंद मार्गाचे दोन. चार म्हणजे फारसं काही नाही. नाकाची तक्रार नसलेल्या लोकांचीही सरासरी साधारण तेवढी येते. पण हे गुण एका बाजूचे आहेत की दोन्ही बाजूंत वाटलेले, हे बेरजेत हरवतं. दोन्हीकडे थोडं थोडं जाड असेल तर ॲलर्जी, दमा, पॉलिप (अस्तराचे मऊ फुगवटे), नुकती झालेली सर्दी यांचा विचार होतो. डावीकडे चार आणि उजवीकडे शून्य असेल तर प्रश्न वेगळा होतो. धूळ नाकपुडी निवडून जात नाही.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचं आहे.

"उजवी इतकी कोरी कशी?"

सहा-सात महिने नाकातला स्टेरॉइडचा फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, एक लांबलचक अँटिबायोटिकचा कोर्स, सगळं झालं. ताईंनी ते मन लावून केलं. फरक तात्पुरता. माझ्या रिपोर्टमध्ये पडदा डावीकडे झुकलेला होता आणि आजारही डावीकडे. जोडी जुळली. पडदा सरळ करून सायनसचं तोंड मोठं करायचं, गणपती झाल्यावर ऑपरेशन करू, असं ठरत आलं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी डॉक्टर स्वतः माझ्या खोलीत आले. आम्ही त्यांना सरच म्हणतो. वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. म्हणाले, "मॅडम, हा स्कॅन परत उघडा. पडदा अर्ध्या गावाचा वाकडा असतो. उजवी इतकी कोरी कशी? आणि बाई म्हणतात घाण वास येतो, तो त्यांनाच येतो." दुर्बिणीतून त्यांना डाव्या बाजूच्या मधल्या फटीतून पू उतरताना दिसला होता आणि त्या पुवाला घाण वास होता. तसा वास हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो, आणि ते जंतू तोंडात, हिरड्यांत, दातांच्या मुळांशी राहतात. नाकाच्या नेहमीच्या जंतुसंसर्गाला इतकी दुर्गंधी सहसा येत नाही. त्यांनी ताईंना बोलावून पुन्हा पहिल्यापासून विचारलं, तेव्हा रूट कॅनाल बाहेर आलं.

मी मूळ डेटा उघडला. फिल्मवर छापतो ते काप जाड असतात. यंत्रात मात्र मिलिमीटरहून पातळ काप साठवलेले असतात, त्यांतून हवी ती दिशा धरून नवीन चित्र बनवता येतं. जानेवारीत मी समोरून आणि वरून दिसणारी चित्रं पाहिली होती. आता बाजूने दिसणारा काप बनवला आणि तो पहिल्या दाढेच्या रेषेवर आणून ठेवला. हाड ठळक दिसेल अशी चित्राची मांडणी लावली. स्कॅनच्या अगदी खालच्या कडेला, सायनसच्या तळाशी, दाढेच्या मुळाचं टोक आलेलं होतं. फक्त टोक, बाकीचा दात बाहेर. आणि त्या टोकाभोवती काळ्या रंगाचं एक कडं होतं. निरोगी मुळाभोवती हाडाची बारीक पांढरी रेघ असते. इथे ती नव्हती. त्याच्या बरोबर वर अस्तर सगळ्यांत जाड होतं आणि बाजूला सरकावं तसं उतरत गेलं होतं, बुंध्याशी रुंद ढिगासारखं.

हे सगळं जानेवारीपासून आमच्या यंत्रात होतं. सर काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "हे माझ्या रिपोर्टमध्ये यायला हवं होतं," आणि त्याच वेळी पुरवणी रिपोर्ट लिहिला, तारीख घालून. दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावून दोघांनी मिळून चित्र दाखवलं. दाढेचं मूळ आणि सायनसचा तळ यांत कागदाएवढं अंतर असतं हे बघून त्यांना आश्चर्य वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पण मॅडम, दाढ तर जरासुद्धा दुखत नाही."

न दुखण्याचं कारण त्या चित्रातच होतं. रूट कॅनालमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते, त्यामुळे आतून ठणका लागत नाही. मुळाशी पू झाला आणि तो हाडात कोंडला गेला तर दाब वाढून माणूस रात्रभर तळमळतो. इथे पुवाला वर सायनसमध्ये मोकळी जागा मिळाली होती. दाब तयारच झाला नाही.

दाढेच्या आत

पक्कं करण्यासाठी दातांचा कोन-बीम सीटी केला, दातांचे डॉक्टर ज्याला सीबीसीटी म्हणतात तो. १९९० च्या दशकाच्या शेवटी हे तंत्र दातांसाठी आलं. शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती फिरतो आणि छोट्या भागाचं अतिशय बारीक चित्र मिळतं. मऊ भागांतला फरक त्यात नीट कळत नाही. पू आणि सुजलेलं अस्तर दोन्ही सारखेच राखाडी. बुरशी किंवा गाठ शोधायची असेल तर ते कामाचं नाही. दात आणि हाड यांच्यासाठी मात्र आमच्या मोठ्या सीटीपेक्षा ते बारकाईने दाखवतं. फक्त डाव्या वरच्या दाढांपुरतंच क्षेत्र घेतलं.

वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात. टाळूकडच्या मुळाचा आणि गालाकडच्या मागच्या मुळाचा कालवा, म्हणजे नस असते ती बारीक नळी, शेवटपर्यंत भरलेला होता. गालाकडच्या पुढच्या मुळात भरण दिसत होतं, पण मुळाच्या आडव्या कापात ते मध्यभागी नव्हतं, एका कडेला होतं. भरण कडेला सरकलेलं दिसलं की उरलेल्या जागेत दुसरा कालवा असण्याची शक्यता धरायची. तो होताच, केसासारखा बारीक, रिकामा. बहुतेक माणसांच्या या मुळात असा दुसरा कालवा असतो आणि त्याचं तोंड दाताच्याच एका कडेखाली झाकलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाशिवाय तो सापडणं खरोखर अवघड आहे. पहिलं रूट कॅनाल करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. ज्याची खूण स्क्रीनवर होती ती मला आठ महिने दिसली नव्हती. त्यांच्यासमोर तर ती झाकलेलीच होती.

त्या मुळाच्या टोकाशी पाचेक मिलिमीटरची पोकळी आणि वर सायनसच्या तळाच्या हाडात दोनेक मिलिमीटरची फट. अस्तराची जाडी आता ९ मिमी. अँटिबायोटिकने दर वेळी का बरं वाटायचं आणि परत का उलटायचं, तेही कळलं. औषध रक्तातून पोचतं. नस नसलेल्या दाताच्या कालव्यात रक्त जात नाही. जंतूंचं घर तिथेच शाबूत राहायचं.

शेजारच्या दुसऱ्या दाढेची थंड लावून तपासणी झाली, ती जिवंत होती. हे महत्त्वाचं, कारण तिची मुळंही सायनसच्या तळाला भिडलेली असतात आणि घाईत निरोगी दाढेला हात लागू शकतो. गणपतीनंतर ज्या आठवड्यात पडद्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्या आठवड्यात ताई रूट कॅनालच्या तज्ज्ञांच्या खुर्चीवर होत्या. कॅप काढून, जुनं भरण उकरून, सूक्ष्मदर्शकाखाली तो कालवा शोधला. मध्ये काही दिवस औषध भरून ठेवलं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दाढ बंद केली. सरांनी ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं की दाढ सुधारूनही काही जणांचा सायनस साफ होत नाही, तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागू शकते, आणि दाढ फारच बिघडली असेल तर काढावीही लागते.

तिसऱ्या आठवड्यात वास गेला. ताईंना ते नाकातून कळलं नाही, गिरणीवर कळलं. बाजरी दळताना त्यांना बाजरीचाच वास आला, गरम, किंचित कडवट. त्यांनी मशीन बंद करून पीठ हातावर घेतलं आणि पुन्हा हुंगलं. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं.

नंतर

एप्रिल २०२५ मध्ये, सहा महिन्यांनी, दाढेपुरता सीबीसीटी पुन्हा केला. अस्तर २ मिमी. द्रव नाही. मुळाच्या टोकाची पोकळी अर्ध्याहून लहान, तळाच्या हाडाची रेघ पुसट पण सलग. पूर्ण भरायला अजून वर्षभर लागेल, हाड सावकाश भरतं.

आमच्या केंद्रात दोन बदल केले. सायनसच्या सीटीची खालची कडा आता वरच्या दातांच्या शेवटापर्यंत घेतो. कॅपमुळे रेघा आल्या तरी चालतील. मुळांची टोकं बहुतेक वेळा तरीही वाचता येतात. किरणोत्सर्ग जरा वाढतो, म्हणून बाकीची मात्रा कमी ठेवतो; सायनसचा सीटी आजही एका मिलिसिव्हर्टच्या आत बसतो, आणि निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळत असतो. दुसरा बदल रिपोर्टच्या साच्यात. "अस्तर" या ओळीच्या खाली आता "वरच्या दाढांची मुळं" अशी ओळ आहे आणि ती कोरी ठेवून रिपोर्ट पुढे जात नाही. तंत्रज्ञ मुलगा स्कॅनच्या आधी विचारतो, वरच्या दाढेचं कधी काही काम केलंय का. या प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं.

या बदलांनंतर एका बाजूच्या प्रत्येक जाड अस्तराला मी दाढेचं लेबल लावते असं मात्र नाही. तेही तितकंच धोक्याचं. एकच बाजू सुजलेली दिसली की दाढ, बुरशीचा गोळा, नाकातून सायनसमध्ये वाढणारी गाठ आणि क्वचित कर्करोग, हे सगळे डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. हाड कुरतडलेलं असेल, गाल बधिर झाला असेल, शेंबडात रक्त येत असेल, धडधाकट दात हलायला लागला असेल, डोळा पुढे आला असेल, तर दाढेच्या मुळाशी काळं कडं दिसलं तरी तिथे थांबायचं नाही. अशा वेळी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करावा. त्यात गाठ कुठे संपते आणि साचलेला स्राव कुठे सुरू होतो ते वेगळं दिसतं. त्यातही एक खाच आहे : वाळून घट्ट झालेला बुरशीचा गोळा एमआरआयवर हवेसारखा काळा दिसू शकतो आणि सायनस रिकामा वाटतो. म्हणून सीटी शेजारी लावूनच तो वाचावा.

ताई एप्रिलमध्ये रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, मग त्या वाकड्या पडद्याचं आता काय?" मी जानेवारी २०२४ ची चित्रं पुन्हा लावली. पडदा आहे तसाच डावीकडे झुकलेला आहे. दोन्ही नाकपुड्यांतून श्वास नीट येतो-जातो. सरांनी त्याला हात लावलेला नाही. ऑक्टोबरमध्ये दाढेचा एक छोटा एक्स-रे काढायचा आहे, तेवढंच त्यांच्या कागदावर लिहून दिलं.